ॲव्हरेज नंतर विचारा, आधी महिन्याचं रनिंग सांगा

सांगली-मिरजेत कुणी नवीन गाडी घेतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ॲव्हरेज किती देते? मित्रांच्या, पाव्हण्यांच्या गाड्या बघायला मी शोरूमला बरेचदा सोबत जातो आणि आता ठामपणे सांगतो, आपल्यासारख्या पगारदार माणसाने हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी सांगा, गाडी महिन्याला फिरणार किती?

विश्रामबागवरून मार्केट यार्ड, मिरजेला दवाखाना, तासगावला पाव्हण्यांकडे, कधीतरी कोल्हापूर नाहीतर पुणे. वर्षाला ६००० किमी झालं तरी खूप झालं. आता पेट्रोल १०५ रुपये धरा. १८ चं ॲव्हरेज देणारी गाडी वर्षाला ३३३ लिटर पिणार, २२ देणारी २७३. फरक ६० लिटरचा, म्हणजे ६३०० रुपये. आणि तेवढ्यासाठी लोक लाखभर जास्त मोजायला तयार होतात, तेही लोन काढून! त्या जादा लाखाचं पहिल्या वर्षाचं व्याजच ९ टक्क्यांनी आठ-नऊ हजार होतंय की वो, मग वाचवलं काय?

सीएनजीचंही तेच. तीच गाडी सीएनजीत घेतली की साधारण ९० हजार जास्त पडतात असं धरा. गॅस ९० रुपये किलो आणि किलोला २५ किमी, म्हणजे किमीला ३ रुपये ६० पैसे, पेट्रोलवर १८ ने ५ रुपये ८३ पैसे. किमीमागे सव्वादोन रुपये सुटतात. वरचे ९० हजार वसूल व्हायला ४० हजार किमी लागतात. जो रोज सांगली-इस्लामपूर अपडाऊन करतो त्याचे दोन-अडीच वर्षांत निघतील, त्याने बिनधास्त सीएनजी घ्यावी. वर्षाला ६००० वाल्याला पावणेसात वर्षं लागतील, वर डिकी गेली, पंपावर रांग आली आणि दर ३ वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, आली.

आता टॅक्स, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही. आपल्या महाराष्ट्रात गाडीचा टॅक्स एकदाच १५ वर्षांचा भरायचा, आणि तो किमतीवर टक्क्यात लागतो. १० लाखापर्यंतच्या गाडीला पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३. सीएनजीला ७ होता, १ जुलै २०२५ पासून एक टक्का वाढलाय. म्हणजे सनरूफ पाहिजे म्हणून टॉप मॉडेल घेतलं की नुसती किंमत नाही वाढत, आरटीओचा टॅक्स पण वाढतो, आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, वाढला की इन्शुरन्स पण वाढतो. आणि गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर आधी सीएला विचारा, तिथं टॅक्स २० टक्के आहे.

जीएसटीमुळे मात्र छोट्या गाडीवाल्याचं खरंच भलं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा सीएनजी गाडी १८ टक्क्यात आली, आधी पेट्रोलला २८ अधिक १ टक्का सेस होता. दोन्ही अटी पाळल्या पाहिजेत, इंजिन छोटं पण लांबी ४ मीटरच्या वर गेली की थेट ४० टक्के. शोरूममध्ये लांबी विचारा बिनदिक्कत.

इन्शुरन्समध्येही सीसीला किंमत आहे. नवीन गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, ३ वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, १००० सीसीपर्यंत ६५२१ रुपये, १५०० सीसीपर्यंत १०६४०. म्हणून ९९८ सीसीची गाडी इथंच चार हजारांनी स्वस्त पडते. आणि डीलरकडूनच इन्शुरन्स घ्या असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, बाहेरून कोटेशन आणून समोर ठेवा, बघा रेट कसा खाली येतो ते.

डिझेल? गावातल्या गावात फिरणाऱ्याने नाव पण काढू नये. बीएस ६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो, तो साफ व्हायला गाडी हायवेला सलग पळावी लागते. चार किमी बाजारात जाऊन परत येणाऱ्याचा तो चोक होतो आणि बिल बघून घाम फुटतो. ईव्हीला जीएसटी ५ टक्केच आहे, स्वतःचं घर, स्वतःचं मीटर असेल तर जरूर विचार करा, पण अपार्टमेंटमध्ये पार्किंगला चार्जिंगचा पॉइंट सोसायटीकडून लेखी मिळाल्याशिवाय बुकिंग करू नका.

नेहमी पुण्याला जाणाऱ्यांनी फास्टॅगचा वार्षिक पास काढावा, २०० ट्रिप किंवा १ वर्ष, तासवडे-आनेवाडी दोन्ही टोलनाक्यांवर चालतो.

बजेट कमी असेल तर जुनी छोटी पेट्रोल गाडी माझ्या मते सगळ्यात शहाणा सौदा, कारण पहिली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. पण आपल्या भागात एक गोष्ट तपासल्याशिवाय टोकन देऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून टोकाला चिखलाचा डाग आहे का बघा, मॅट उचला, सीटच्या रेलचे नटबोल्ट गंजलेत का बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, इन्शुरन्सचा क्लेम झालाय का विचारा. आणि गाडीला १५ वर्षं व्हायला आली असतील तर आरसी रिन्यूअलची फी ५००० आणि वर पर्यावरण कर, हे दोन्ही किमतीतून वजा करूनच भाव बोला.