‘625 म्हणजे जास्त पॉवर’ हे कुणी सांगितलं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘अँटिबायोटिक सगळी सारखीच. ताप आला की अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन दिवस. उतरला नाही तर 625, ती जास्त पॉवरची. गोळ्या दुधाबरोबर घ्या. उरलेल्या पुढच्या तापाला ठेवा.’ (625 म्हणजे अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची गोळी.) यातलं एकही धड नाही.

‘सगळी सारखीच’: पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं जिवाणूची पेशीभित्ती नीट बांधू देत नाहीत, म्हणून वाढता जिवाणू फुटतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून प्रथिनं बनणं थांबवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम अडवतं. स्क्रब टायफसला (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा जिवाणूचा ताप) डॉक्सिसायक्लिन लागू पडतं. पेनिसिलिन गटातलं अमॉक्सिसिलिन कितीही दिलं तरी उपयोग नाही.

‘ताप आला की अ‍ॅझिथ्रो’: विषाणूला ना पेशीभित्ती, ना स्वतःचे रायबोसोम. मग औषध धरणार कशाला? फ्लू, डेंगी आणि घाटाखाली दोडामार्गात 2016 साली आढळलेला माकडताप, हे सगळे विषाणूचेच. साधा व्हायरल ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप उतरतो आणि श्रेय गोळीला मिळतं. शिवाय ‘तीन दिवस’ हा हिशोब इतर गोळ्यांना लावू नका. अ‍ॅझिथ्रोमायसिन शरीराच्या पेशींत साठून पुढेही काही दिवस टिकतं. अमॉक्सिसिलिनचं रक्तातलं प्रमाण मात्र साधारण तासाभरात निम्म्यावर येतं, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या घसादुखीला त्याचा कोर्स दहा दिवसांचा असतो.

‘625 जास्त पॉवरची’: पाकिटाची मागची बाजू वाचा. 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि 125 क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. म्हणजे अमॉक्सिसिलिन साध्या 500च्या गोळीएवढंच. काही जिवाणू पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम सोडतात. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड त्या एन्झाइमला निकामी करतं, बस. जिवाणू ते एन्झाइम बनवतच नसेल तर 625 घेऊन जास्तीचं मिळतं ते जुलाब. काही जण 625 मिळाली नाही की 375च्या दोन घेतात. त्यात अमॉक्सिसिलिन 500च होतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड 250, दुप्पट. पोट बिघडणारच.

‘दुधाबरोबर’: अमॉक्सिसिलिनला दुधाचं वावडं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र दुधातल्या कॅल्शियमला बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं. पित्तावरच्या अँटासिड (अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या), लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच. सिप्रो त्यांच्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावी. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करते.

‘उरलेल्या ठेवा’: उरलेल्या चार गोळ्यांचा कोर्स होत नाही. टायफॉइडची शंका असेल तर घोटाळा आणखी वाढतो. रक्त कल्चरला (रक्तातला जिवाणू लॅबमध्ये वाढवून बघायच्या तपासणीला) देण्याआधीच दोन गोळ्या पोटात गेल्या, तर जिवाणू बरेचदा बाटलीत वाढत नाही. मग कुठलं औषध चालेल हे कळायचा मार्ग बंद, आणि डॉक्टरला विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीच्या भरवशाच्या नसलेल्या आकड्यांवर अंदाज बांधावा लागतो.