टेकडी हिरवी करायची सोप्पी पद्धत

पावसाळा आला, म्हणजे तुम्हालाही निसर्गाची आठवण झालीच असणार. तर येत्या रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडं लावायला येणार असाल तर चार गोष्टी अनुभवावरून सांगतो. अगदी ताजा अनुभव आहे, गेल्याच रविवारचा.

सगळ्यात आधी टी-शर्ट. हिरवे, पाठीवर पान छापलेले. रोपं कुठली ते नंतर बघता येतं.

रोपं म्हणजे नर्सरीवाला देईल ती. गुलमोहर घ्या, मादागास्करहून इतक्या लांब आलाय बिचारा. गिरिपुष्प (तेही परदेशीच, ग्लिरिसिडिया) मिळालं तर फारच छान, नुसती काडी खोचली तरी जगतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर गुलाबी होतं, रील मस्त येतं. टेकडीवर आधीच तेच माजलंय म्हणता? मग उरलेली जागा तरी कशाला सोडायची.

गवत दिसलं की ती रिकामी जागा समजायची आणि खड्डे घ्यायचे. तिथे तित्तिर अंडी घालतात वगैरे कुणीतरी रिकामटेकडा सांगत येईल, त्याला सेल्फीत घ्या, गप्प बसतो.

गाजर गवत उपटायची हौस असेल तर पांढरी फुलं येऊन बी धरेपर्यंत थांबा, मग मोळी स्कूटरला बांधून कोथरूडभर फिरवा. भारतात हे गवत पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. एवढा मान असून अजून कुणी पाटी कशी लावली नाही कळत नाही.

सोसायटीत मे महिन्यात टँकर मागवून लॉन भिजवत राहा.

जलपर्णीबद्दल मी काही बोलणार नाही.

आता मुख्य काम, झुडपं साफ करणे. कोयता घ्यायचा आणि जे वाळकं दिसेल ते छाटायचं, जे फुललंय ते ठेवायचं. बास, एवढंच. गेल्या रविवारी एका कंपनीची साठ-सत्तर मंडळी आली होती, त्यांनी अगदी असंच केलं. आमचं सहा-सात जणांचं टोळकं तीन वर्षं त्या उतारावर घाणेरी, म्हणजे लँटानाची माजलेली झुडपं, काढतंय. वरून छाटली की पुढच्या पावसात दुप्पट फुटते म्हणून कुदळीने खणून, जमिनीखाली दोन-तीन इंचावर मूळ तोडून, झुडूप उलटं करून ठेवायचं, आणि तेही फळं धरायच्या आधी, नाहीतर बुलबुल खातात आणि बी पार दुसऱ्या टोकाला नेऊन टाकतात. मोकळ्या झालेल्या जागेत आम्ही गणेर लावला होता, हे इथलंच झाड. त्याच्या बोंडातल्या कापसातनं एकेक बी सोडवून, भिजवून, घरी पिशवीत रोप करून, आणि मग तीन उन्हाळे दोन-दोन लिटरच्या बाटल्या चढवून पाणी घातलंय. चौदा जगले होते, गुडघ्याएवढे. प्रत्येकाला खुणेसाठी लाल लोकर बांधलेली.

मी पोचलो तेव्हा नऊ आडवे झाले होते. तिरका काप, त्यावर डिंकाचा थेंब, आणि लोकर तशीच बांधलेली. एका मुलाला विचारलं, अरे हे का तोडलं? तर म्हणे, "काका, ते डेड होतं." अरे बाबा, गणेराची पानं उन्हाळ्यात गळतात, पाऊस नीट लागला की येतात, आपल्याकडची बरीचशी झाडं असंच करतात! बरं मग ही शेजारची घाणेरी का ठेवली? "तिला फ्लॉवर्स आहेत ना."

इंग्रजांनी शोभेसाठी बागेत आणलेली घाणेरी, दोनशे वर्षांनी पण शोभेसाठीच शाबूत!

तो पोरगा वाईट नव्हता हो, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पण ज्यांनी हा कार्यक्रम ठरवला, त्यांना विचारायला काय झालं होतं? टेकडीवर रोज येणारी माणसं आहेत, कुठल्याही एकाला थांबवून विचारायचं की इथे काय आहे, काय हवंय. पाच मिनिटं लागतात. ते नाही, बॅनर मात्र वीस फुटी. वर तीनशे गुलमोहर लावून गेलात, त्यांना पाणी कोण घालणार, तुमचा टी-शर्ट? लाज वाटू द्या जरा. तीन वर्षं पाणी घालायची तयारी नसेल तर लावू नका, टेकडी तुमच्यासाठी अडलेली नाही.

घाणेरी अजून तिथेच आहे, तुमच्या बॅनरची नायलॉनची दोरी गुंडाळून. ती तरी सोडायला या.