‘दोन मिनिटं नॉब फिरवला आणि चारशे रुपये घेतले’ – या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. गॅस गिझर बघायला दहाची वेळ देऊन आमच्या दुकानातला मुलगा साडेबाराला पोचला, मालीशवाल्या मावशी तेवढ्यात निघून गेल्या आणि बाळाची आंघोळ राहिली. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. अडीच तासांत आमच्याकडून एक फोनही गेला नाही, ही चूक आमचीच. नाशिकमध्ये या दिवसांत थंडीचे फोन एकामागून एक येतात. पण तो तुमचा प्रश्न नाही.

‘दोन मिनिटं नॉब फिरवला, चारशे रुपये घेतले, चोर आहेत’ हे मात्र मनाला फार लागलं. बावीस वर्षं गिझरचंच काम करतोय, हा शब्द कोणी वापरला नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये मुलाची नोंद आहे: आत 12:25, बाहेर 1:24. गिझरचं कव्हर काढल्यावर त्याने मला पहिला फोटो पाठवला तो 12:36 चा, आणि थर्मामीटरचा शेवटचा फोटो 1:17 चा. तुम्ही बाळाला घेऊन आतल्या खोलीत होतात, आणि तेच बरोबर होतं. काम झाल्यावर त्याने तुम्हाला हाक मारली आणि नॉब कुठे ठेवायचा ते दाखवलं. तुम्ही पाहिली ती ही शेवटची दोन मिनिटं.

त्याआधीचं सांगतो. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, की गिझर पेटतो पण पाणी कोमटच येतं, आणि आधी आलेल्या माणसाने नवा घ्या म्हणून सांगितलं. गिझर पेटतच नसेल तर आम्ही आधी मोठे सेल आणि ठिणगी बघतो. पेटूनही पाणी तापत नसेल तर शोध वेगळा असतो. मुलाने ज्योत पाहिली: पूर्ण बर्नरभर, निळी, पिवळी कुठेच नाही. म्हणजे गॅस नीट पोचत होता. तरी रेग्युलेटर आणि नळी तपासली, साबणाचं पाणी लावून गळती पाहिली. कॉइलच्या पात्यांत काजळी नव्हती. पाणी आत येतं तिथली जाळी काढून धुतली, थोडे क्षार निघाले, फार नाहीत.

मग त्याने गिझरचा नळ पूर्ण सोडून दहा लिटरची बादली घड्याळ लावून भरली. ती 63 सेकंदांत भरली. तिथेच खरं कारण सापडलं.

तुमचा गिझर सहा लिटरचा आहे. याचा अर्थ मिनिटाला सहा लिटर पाणी तो साधारण 25 अंशांनी तापवू शकतो. बर्नर पूर्ण पेटला की त्याची ताकद तेवढीच, पाणी जास्त सोडलं म्हणून आच वाढत नाही. 63 सेकंदांत दहा लिटर म्हणजे मिनिटाला साडेनऊ लिटर. एवढं पाणी जेमतेम 16 अंशांनी तापतं. टाकीचं पाणी त्या वेळी 20 अंश होतं, म्हणजे बादलीत 36. हाताला कोमटच लागणार.

दिवाळीपर्यंत हाच गिझर कढत पाणी देत होता, विसण घ्यावं लागायचं, असं तुम्हीच म्हणालात. मुलाने वॉचमनला विचारलं तेव्हा कळलं, की दिवाळीनंतर सोसायटीने गच्चीवर प्रेशर पंप बसवलाय. तुमचा मजला सगळ्यात वरचा. पूर्वी टाकी डोक्यावरच असल्याने पाणी संथ यायचं, म्हणून नॉब पूर्ण उघडा ठेवलेला चालायचा. आता जोर वाढला आणि नॉब तसाच राहिला. त्याने पाण्याचा नॉब कमी करत करत तीनदा बादली भरली. दहा लिटरला 1 मिनिट 45 सेकंद लागायला लागले तेव्हा थर्मामीटरवर 46 अंश आले.

त्याने एकही पार्ट बदलला नाही, कारण बदलण्यासारखा एकही नव्हता. डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) गेलाय म्हणून सांगून जुना काढून नवा टाकला असता, तर बिल हजाराच्या वर गेलं असतं आणि कदाचित हा रिव्ह्यू आला नसता. याचंच वाईट वाटतं. मी पोरांना पहिल्या दिवसापासून सांगत आलोय, की चांगला पार्ट काढायचा नाही. ते चारशे रुपये येण्याचे आणि तपासणीचे आहेत, आणि फोनवर ते आधी सांगितले होते. पावती मात्र मुलाने दिली नाही. ती द्यायलाच हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कोमट आलं असं तुम्ही लिहिलंय. त्यावर मी रात्री बराच विचार केला. आज पहाटे सहाला माझ्या घरच्या टाकीचं पाणी मोजलं तर ते 14 अंश होतं. मुलाने भर दुपारी नॉब लावला. सकाळी पाणीच सहा अंशांनी गार, म्हणजे बादलीत 40 आणि मालीश होईपर्यंत त्याहून कमी. सकाळच्या हिशेबाने नॉब आणखी थोडा कमी ठेवायला हवा होता. हे त्याच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

एक गोष्ट मात्र मी कुणासाठीच करणार नाही. गिझर बाथरूमच्या आत घ्या असं तुम्ही म्हणालात आणि मुलगा नाही म्हणाला, त्याचाही तुम्हाला राग आला. बंद बाथरूममध्ये गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आत बेशुद्ध पडला तरी बाहेर कळत नाही. गिझर आहे त्या ड्राय बाल्कनीला कबुतरांसाठी तुम्ही जो प्लास्टिकचा कागद लावलाय, तोही काढून जाळी लावा, ही हात जोडून विनंती आहे.

ताई, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांच्या कमाईवर आमचं वर्ष निघतं. आज सकाळीच एका गिऱ्हाइकाने तुमचा रिव्ह्यू वाचून मला विचारलं, ‘नुसता नॉब फिरवायचे किती घेणार?’ स्टार किती द्यायचे ते तुमच्या मनावर आहे. ‘चोर’ हा शब्द तेवढा काढलात तर उपकार होतील. ते पोरगंही वाचतं हे सगळं. वेळेचं आणि पावतीचं आम्ही बघतो, त्यात सुधारणा करू.

परवा सकाळी सहाला मी स्वतः येतो, पैसे नाहीत. मिक्सरचा थंड नळ तोवर पूर्ण बंद ठेवून बघा, तो किंचित उघडा असला तरी फरक पडतो. आल्यावर बेल वाजवणार नाही, खालून मिस्ड कॉल देईन. बाळ झोपलेलं असेल.