‘एन्व्हायर्नमेंट.व्हर्जन’ची एक ओळ का पुरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संगणकावर डॉटनेट फ्रेमवर्कची (डॉटनेट प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या तयार साहित्याची) कोणती आवृत्ती आहे ते रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या नोंदींच्या साठ्यातून, कसे ओळखावे, या माझ्या लेखावर आपले आक्षेप दोन आहेत. आवृत्ती ओळखायला ‘एन्व्हायर्नमेंट.व्हर्जन’ ही प्रोग्रॅममधूनच आवृत्ती विचारणारी एक ओळ पुरेशी असताना मी वाचकांना विनाकारण रजिस्ट्रीत उतरवले, हा पहिला. आणि रजिस्ट्री संगणकावर काय बसवले आहे ते सांगते, प्रोग्रॅम कशावर चालतो आहे ते नाही, हा दुसरा.

डॉटनेट कोअर (डॉटनेटचा नवा अवतार) ३.० पासून पुढे आपली ओळ खरी आवृत्ती देते, आणि आपण ती तिथेच तपासली असावी. माझा लेख मात्र जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कविषयी होता. तिथे ती ओळ फ्रेमवर्कची नव्हे, तर सीएलआरची (प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणाऱ्या इंजिनाची) आवृत्ती सांगते, आणि ४.६ असो वा ४.८, उत्तर ‘४.०.३०३१९.४२०००’ हेच येते.

भोसरीच्या एका कारखान्यात वजनकाट्याजवळच्या विंडोज ७ च्या संगणकावर आमचा प्रोग्रॅम ‘मेथड सापडली नाही’ म्हणत बंद पडायचा आणि ऑफिसात मात्र बिनतक्रार चालायचा. दोन्हीकडच्या लॉगमध्ये हाच आकडा दिसल्यामुळे फ्रेमवर्कवर संशयच आला नाही, आणि अर्धा दिवस मी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. शेवटी रजिस्ट्रीत ‘एनडीपी’, ‘व्ही४’, ‘फुल’ असे उतरत जाऊन ‘रिलीज’ हा आवृत्तीनिहाय आकडा पाहिला, तर ३९४२७१, म्हणजे ४.६.१. आम्ही वापरलेला, क्षमता आधीच सांगता येणारा हॅशसेटचा (एकच गोष्ट दोनदा न ठेवणाऱ्या संचाचा) कन्स्ट्रक्टर, म्हणजे तो तयार करणारी मेथड, ४.७.२ मध्ये आलेला आहे. (पेनड्राइव्हवर एकटी ईएक्सई नेली आणि कोणती आवृत्ती हवी ते सांगणारी कॉन्फिग फाइल ऑफिसातच राहिली, त्यामुळे सुरुवातीचा इशाराही मिळाला नाही. ही चूक सर्वस्वी माझी.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ४.५ पासूनची प्रत्येक आवृत्ती ४ मालिकेतल्या आधीच्या आवृत्तीच्या जागीच बसते, त्यामुळे सीएलआर ४ वरच्या प्रोग्रॅमपुरती बसवलेली आणि चालणारी आवृत्ती एकच असते. ३.५ मात्र सीएलआर २ वर शेजारी नांदते, आणि तिच्यावर चालणारा प्रोग्रॅम ही नोंद वाचून स्वतःला खुशाल ४.८ समजेल. हे मी लिहायला हवे होते. म्हणून आधी आपलीच ओळ विचारावी, आणि पहिला आकडा ४ आला तरच रजिस्ट्री उघडावी.

आपल्या नजरेतून सुटलेली एक चूकही सांगतो. ४.८ ओळखायला मी ‘रिलीज’ची तुलना ‘बरोबर ५२८०४०’ अशी केली होती. पण विंडोजच्या आवृत्तीनुसार ४.८ साठी ५२८०४९ किंवा ५२८३७२ हेही आकडे येतात, तेव्हा तुलना ‘इतके किंवा अधिक’ अशीच हवी. लेखातला कोड आज दोन्ही ठिकाणी दुरुस्त केला आहे.