गीतकाराने गायला लाजू नये

"मला आवाज नाही हो, मी फक्त लिहिते." हे वाक्य मी दहा वर्षं प्रत्येकाला ऐकवलं. चाल लावणाऱ्यांना, गल्लीतल्या गणेश मंडळाच्या पोरांना, स्नेहसंमेलनासाठी गाणं मागायला आलेल्या बाईंना. तेव्हा वाटायचं, मी नम्रपणे बोलतेय. आता कळतं, त्या वाक्याच्या आडोशाला मी दडून बसले होते. हल्ली नव्याने गाणी लिहिणारी आपल्या भागातली बरीच मुलं-मुली मला भेटतात आणि नेमकं तेच वाक्य बोलतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. ज्याला गाणं लिहायचंय त्याने आपले शब्द आपल्या तोंडाने, ताल धरून, दुसऱ्या माणसासमोर म्हटलेच पाहिजेत. आवाज फाटका असला तरी.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर हिशेब बघते, राहायला मिरजेत. लिहिणं बसमध्ये, येता-जाता. घरी आले की वहीत उतरवायचं, फोटो काढायचा आणि ओळखीच्या संगीतकाराला पाठवून द्यायचं. उत्तर ठरलेलं यायचं. "शब्द छान आहेत ताई, पण बसत नाहीत." कुठे बसत नाहीत ते कुणी सांगायचं नाही, मीही विचारायची नाही. रागाने पुढची कविता लिहायची. अशा तीन वह्या भरल्या. त्यातल्या एका गाण्यालाही चाल लागली नाही.

मिरजेत राहून मी सुराला घाबरत होते, याचं आज फार वाईट वाटतं. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, जिथे उरुसात दर्ग्याच्या आवारात आजही गाणं-बजावणं होतं, ज्या गावच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात मी सतारमेकर गल्लीतून रोज मान खाली घालून जायची.

एकदा पावसात तिथल्याच एका दुकानात थांबले. भिंतीला मोठमोठे भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. वयस्कर चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारांचा नाद खुलवत होते. घोडीवर तार टेकते तिथे, तारेखाली सुताचा एक बारीक दोरा. तार छेडायची, दोरा केसभर पुढे सरकवायचा, पुन्हा छेडायची. आधी तार नुसती ठणठण बोलत होती, मुकी. मग दोरा एका जागी आला आणि त्याच तारेतून असा गुंजारव सुटला की माझ्या अंगावर काटा आला. चाचांनी दोरा तिथेच सोडला, पुढची तार घेतली. चारही तारा होईपर्यंत मी उभी होते. पाऊस कधीच थांबला होता.

त्यांनी विचारलं, "गाता का?" मी माझं ते वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "लिहिता ना? मग तेच म्हणून दाखवा की." आणि तंबोरा छेडायला सुरुवात केली.

तेव्हा डोक्यात एकच गाणं होतं. माझी आई तीस वर्षं हळदीच्या वखारीत कामाला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा नखांपासून कोपरापर्यंत पिवळी. त्यावर ओवीच्या मापात, आठ आठ अक्षरांत ओळी केल्या होत्या: "हात पिवळे तुझे गं, नाही लग्नाची हळद". कागदावर मला ती फार आवडायची. चाचांसमोर म्हणायला लागले, सूर वर नेला आणि 'हळद'च्या द वर येऊन अडकले. द लांबवता येत नाही. लांबवला की 'हळदाऽ' होतं आणि शब्दच मरतो. दोनदा म्हटलं, दोनदा तिथेच अडकले. घशाला कळलं ते दहा वर्षांत डोळ्यांना कळलं नव्हतं.

घरी जाईपर्यंत ओळ फिरली होती: "हात पिवळे तुझे गं, हळद नाही लग्नाची". शब्द तेच, अक्षरं आठच. फक्त शेवटी 'ची' आली, तिच्यावर सूर हवा तेवढा टेकवता येतो. 'बसत नाही' म्हणजे काय, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

त्यानंतर मी आमच्या गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात जायला लागले. टाळ हातात घेतले. पहिले दोन महिने सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकायची. शेजारच्या काकू गुडघ्यावर थाप देऊन सम दाखवायच्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत. अभंगाच्या चरणात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं असतात हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण ते शेवटचं चार अक्षरांचं पद कमी का, तिथे गाणाऱ्याला श्वास आणि टाळकऱ्याला जागा कशी मिळते, हे टाळ वाजवतानाच कळलं. आता लिहिताना डावा हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. बसमध्ये लोक बघतात. बघू देत.

काही मित्र म्हणतात, तालाच्या मागे लागलं की कविता मरते. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याच जिल्ह्याकडे बघा. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव लावण्या लिहून घरी बसले नाहीत, स्वतःचा फड घेऊन फिरले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे कलापथकात स्वतः उभे राहून गायचे. शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी १९५५ साली पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायण लिहायला घेतलं, आठवड्याला एक अशी ५६ गाणी. सुधीर फडक्यांसारखा संगीतकार त्या शब्दांना चाल लावायला बसायचा तेव्हा लय आधीच शब्दांत असायची. इतक्या घाईत असं काम होतं, कारण कानात ताल मुरलेला असतो. ही माणसं कवी म्हणून कुठे उणी पडली?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. माझं एक गाणं एका निर्मात्याने माझ्या नावाशिवाय लोकांसमोर आणलं. फार रडले होते तेव्हा. नंतर माहिती काढली. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवलाय, तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कुणाला लिहून देता येत नाही. मुलांनो, एवढं तरी माहीत ठेवा आणि सही करण्याआधी कागद वाचा. आता मी कुणालाही नुसता कागद पाठवत नाही. माझ्या आवाजात, ठेक्यासकट रेकॉर्ड करून पाठवते, तारीख आपोआप राहते. आणि खरं सांगते, तसं पाठवायला लागल्यापासून 'बसत नाही' हे उत्तर क्वचित येतं. आलंच तर मी विचारते, कितव्या मात्रेला? मग बोलणं सुरू होतं.

या नवरात्रात भजनी मंडळाच्या बायकांसमोर मी पहिल्यांदा एकटीने माझं गाणं म्हटलं. आवाज कापत होता. दुसऱ्या कडव्यापासून टाळ आपोआप साथीला आले आणि मग कापायचा थांबला. त्या रात्री आईला घरी म्हणून दाखवलं. ती भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होती.

"हात पिवळे तुझे गं, हळद नाही लग्नाची
उभी वखारीच्या दारी, ओझी वाहिली मणाची"

तिने डोळे उघडले. "ओझी आम्ही कुठं वाहिली गं? ती हमालांनी वाहिली. आम्ही पोती शिवायचो." आणि उजव्या हाताने दाभण ओढल्यासारखं करून दाखवलं.

मी मांडीवर ठेका धरून म्हणून बघितलं. पोती शिवली मणाची. आठच अक्षरं. आई पुढची ओळ माझ्याबरोबर म्हणायला लागली.