कलेचे आश्रयदाते कसे व्हावे : मांतुआचा वस्तुपाठ

कलेला आश्रय द्यायचा तर आधी हाताशी एखादं शहर लागतं, आणि ते बळकावलेलं स्वस्त पडतं. गोंझागा घराण्याने ऑगस्ट १३२८मध्ये तिथे राज्य करणाऱ्या बोनाकोल्सींचा काटा काढला आणि उत्तर इटलीतलं मांतुआ ताब्यात घेतलं. लोक उपटसुंभ म्हणतील, म्हणू द्या. तुमच्या वंशजांनी १४३३ साली सम्राट सिगिस्मुंडपुढे १२,००० सोन्याचे फ्लोरिन ओतले की घराणं मार्क्विसांचं, म्हणजे पिढीजात सरदारांचं, होतं आणि तोंडं बंद होतात. मग १४९४मध्ये चित्रकार दोमेनिको मोरोनेला बोलावून १३२८च्या त्याच कापाकापीचं मोठं चित्र काढून घ्यावं. दीडशेहून जास्त वर्षं मुरलेला खून दिवाणखान्यात शोभून दिसतो.

पैशांची काळजी नको. दुसऱ्यांच्या लढाया भाड्याने लढायच्या. मिलान देतंय, व्हेनिस देतंय, जो जास्त देईल त्याचा.

आता चित्रकार. आंद्रेआ मांतेन्यासारखा नामांकित माणूस पादुआहून उठवायचा तर आकडे स्पष्ट लिहा: महिना १५ डुकाट (सोन्याची नाणी), राहायला घर, सहा माणसांना पुरेल एवढं धान्य, शिवाय सरपण. तो दोन वर्षं आज-येतो-उद्या-येतो करेल, पण १४६०मध्ये येईल. एकदा आला की पगार वेळेवर देण्याचं बंधन राहत नाही. १४७८मध्ये त्याने जुन्या कबुलीची आठवण करून दिली, तेव्हा मार्क्विस लुदोविको गोंझागाने आपले दागिनेच गहाण पडल्याचं कळवलं. हे उत्तर पाठ करून ठेवा, दर पिढीला लागतं. संगीतकारांना तर तेवढंही सांगावं लागत नाही: मोंतेव्हेर्दी एकवीस वर्षांच्या चाकरीनंतर १६१२मध्ये बाहेर पडला, तो २५ स्कुदी नाणी घेऊन.

त्याच मांतेन्याकडून आठ मीटर लांबी-रुंदीची एक खोली रंगवून घ्या. नऊ वर्षं लागतील, लागू द्या. छताच्या मध्यावर रंगाने आभाळाचं गोल भोक पाडलेलं असावं, त्यातून बायका डोकावून हसत असाव्यात, आणि झाडासकट एक लाकडी टब नुसत्या दांड्यावर असा टेकलेला असावा की खाली उभ्या पाहुण्याने बोलता बोलता दोन पावलं बाजूला सरकावं. धोका भिंतीवरच्या गर्दीत असतो. लुदोविकोने सम्राटाला घेतलं, डेन्मार्कच्या राजालाही घेतलं, आणि ज्याचा पगार खात होता त्या मिलानच्या ड्यूकला विसरला. तक्रार आलीच. तेव्हा अन्नदात्याचा चेहरा आधी, मग तत्त्वं.

धार्मिक चित्राचा खर्च स्वतः करू नये, ही यातली सर्वांत कामाची गोष्ट. दानिएले दा नोर्सा या ज्यू सावकाराने १४९३मध्ये घर घेतलं, भिंतीवर मरियमचं चित्र होतं. त्याने चर्चच्या अधिकाऱ्याची रीतसर परवानगी काढली आणि ते पुसलं. दोन वर्षांनी मार्क्विस फ्रांचेस्को गोंझागा फ्रेंचांविरुद्धची फोर्नोव्होची लढाई लढून आला, जी दोन्ही बाजूंनी जिंकल्याचं सांगितलं. विजयाचं चित्र तर हवंच. मग नोर्साच्या परवानगीकडे कानाडोळा झाला आणि ११० डुकाट त्याच्याकडून वसूल झाले. चित्रात चिलखत घालून मरियमपुढे गुडघे टेकलेला भाविक फ्रांचेस्को आहे. नोर्साचं घरही पाडून तिथे चर्च बांधलं. हिशोब चोख.

घरात सुशिक्षित सून आली की करारनामे लांबतात. फ्रांचेस्कोची बायको इझाबेल्ला देस्ते, तिने १५०३मध्ये चित्रकार पेरुजिनोला १०० डुकाटांत एक चित्र सांगितलं: प्रेम विरुद्ध पावित्र्य. कोण कुठे उभं, कुणाच्या हातात काय, सगळं लिहून दिलं. माणसं जास्त वाटली तर कमी करा, पण पदरचं काही घालायचं नाही. मापाची दोरी पाठवली, कारण हातभर म्हणजे किती हे गावोगाव वेगळं. पुढच्या आकृत्यांची उंचीही पाठवली, शेजारच्या मांतेन्याच्या चित्राशी जुळावी म्हणून. अडीच वर्षांनी चित्र आलं तेव्हा बाई नाराज: काम आणखी नजाकतीने हवं होतं, आणि तैलरंगात असतं तर बरं. पेरुजिनोने टेम्पेरा, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात मिसळणारा रंग, वापरला होता, का तर मांतेन्या तेच वापरतो असं त्याच्या कानावर आलं होतं. एवढ्या करारात रंग कशात कालवायचा हेच ठरवलेलं नव्हतं! स्वतःच्या तसबिरीला मात्र असले काटेकोर नियम लावू नयेत. साठीतल्या इझाबेल्लाने चित्रकार तित्सियानोला तरुणपणचं जुनं चित्र नमुन्याला दिलं आणि ऐन विशीतली होऊन घेतली.

म्हातारा कलाकार कर्जात बुडाला की घाई करा. मांतेन्याने १५०६मध्ये जिवापाड जपलेला रोमन सम्राज्ञी फाउस्तिनाचा प्राचीन संगमरवरी अर्धपुतळा विकायला काढला. इझाबेल्लाने तो मिळवला. सप्टेंबरमध्ये मांतेन्या गेला.

शेवटी वारसांचा विचार करून भिंतीपेक्षा कॅनव्हासवर पैसा घालावा. १६२७-२८मध्ये मांतुआचा ड्यूक विन्चेंत्सो दुसरा आणि त्याच्या वारसाने संग्रह इंग्लंडच्या चार्ल्स पहिल्याला विकला, तेव्हा मांतेन्याचे सीझरच्या विजयमिरवणुकीचे नऊ कॅनव्हास लंडनकडे निघाले. पुढे ते हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात लागले. १६३०मध्ये सम्राटाच्या सैन्याने शहर लुटलं, तेव्हा राजवाड्यात उरलेलं हाताला लागेल ते गेलं. रंगवलेली खोली तेवढी राहिली. गिलावा काही गुंडाळून नेता येत नाही.