‘पंप बदलला, गाडी सुधारली’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

जुन्या गाडीच्या जड स्टिअरिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचा आक्षेप थोडक्यात असा, की ‘पॉवर स्टिअरिंग जड झालं की लगेच पंप बदलू नका, आधी तपासा’ हा माझा सल्ला पुस्तकी आहे. प्रेशर गेज घेऊन बसलेला मिस्त्री नागपुरात शोधायचा कुठे? तुमच्या मिस्त्रीने नुसतं स्टिअरिंग फिरवून ‘पंप गेला’ म्हटलं, संध्याकाळपर्यंत दुसरा पंप बसवला, आणि गाडी इतवारीच्या गल्लीतसुद्धा एका हाताने वळायला लागली. मग तपासणीत वेळ कशाला घालवायचा, असं तुम्ही विचारता. आणि जाता जाता लिहिता, ‘आता डावीकडे वळवताना पुन्हा थोडी जड वाटते, पण जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच.’

तुमच्या या शेवटच्या वाक्यामुळेच इतकं सविस्तर लिहितो आहे. पण आधी पंपाचं बोलू, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या आणि दाबाने ऑइल ढकलून स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपाचं.

पंप बदलल्यावर स्टिअरिंग हलकं झालं, एवढ्यावरून जुना पंप खराब होता असं ठरत नाही. पंप बदलताना मिस्त्री काय काय करतो ते बघा. पट्टा काढतो आणि नव्याने ताणून बसवतो. जुनं ऑइल सांडून जातं, नवीन भरलं जातं. ऑइलच्या डब्याकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपचा क्लॅम्प पुन्हा आवळला जातो, जोडाची ओ-रिंग (रबरी कडी) बहुतेक वेळा नवी पडते. शेवटी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून एअर काढली जाते. म्हणजे एका पंपाच्या नावाखाली चार-पाच दुरुस्त्या झाल्या. सैल पट्टा, कमी झालेलं ऑइल, आत शिरलेली हवा, यातल्या कशानेही स्टिअरिंग जड होतं, आणि ही तिन्ही कामं पंपाच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात होतात. तुमचा पंप खरंच गेलेला असेलही. पण तो गेला होता हे कुणी पाहिलेलं नाही, माझं म्हणणं एवढंच आहे.

हवेचा मुद्दा मी जरा लावून धरतो, कारण सगळ्यात जास्त चांगले पंप याच कारणाने भंगारात जातात. डब्यापासून पंपापर्यंतचा रबरी पाइप हा ओढणारा पाइप आहे, त्यात दाब नसतो. त्याला बारीक चीर पडली तर ऑइल फारसं बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. उसाचा रस पिताना स्ट्रॉला भोक असलं की रस सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच. त्यामुळे गाडीखाली डाग नाही, ऑइलची पातळी जवळपास ठीक, तरी पंप कण्हतो आणि रेस वाढवली की आवाजही वाढतो. ऐकणारा म्हणतो, पंप गेला. अशा वेळी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन-चारदा पूर्ण फिरवा आणि डब्याचं झाकण उघडून आत बघा. ऑइलवर फेस असेल, रंग दुधाळ झाला असेल, तर हवा आहे. मग इंजिन बंद करून पातळीवर नजर ठेवा. बंद करताच ऑइल ठळकपणे वर चढलं, तर शंकाच नको, कारण दाबली गेलेली हवा फुगून ऑइलला वर ढकलते. याला गेज लागत नाही, टॉर्च पुरतो.

गेज शेवटी येतं. पट्टा, ऑइल, हवा आणि पुढच्या टायरमधली हवा एवढं बघून झाल्यावरही दोन्ही बाजूंना सारखंच जड असेल, तेव्हा पंप की रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा भाग) हा प्रश्न उरतो. पंप आणि रॅक यांच्यामधल्या जाड पाइपात दाब मोजणारं गेज आणि ऑइल अडवणारा कॉक जोडतात. कॉक क्षणभर बंद केल्यावर पंप कंपनीने दिलेल्या आकड्याइतका दाब देत असेल, तर पंप निर्दोष. तो कॉक ५ सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवायचा नाही, नाहीतर चांगला पंपही जळतो. पुढे कॉक उघडून फुल लॉकवर (स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवून) तोच दाब मिळाला नाही, तर ऑइल रॅकच्या आतच पळतंय. हे घरी करायचं काम नाही, आत ७०-८० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. पण ट्रॅक्टर, जेसीबीची हायड्रोलिक कामं करणाऱ्यांना असं गेज नवीन नाही. तुमचा मिस्त्री त्यांच्याकडे चौकशी करू शकतो.

मिस्त्रीच्या हाताला कळतं, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. फक्त त्या हाताला पुरेशी माहिती द्या. ‘जड झाली’ एवढंच सांगू नका, केव्हा जड होते ते सांगा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना सीताबर्डीच्या गर्दीतून निघालात आणि तासाभराने जड झाली, पण सकाळी ठीक होती, तर पंपावर संशय घ्यायला जागा आहे. झिजलेल्या पंपात गरम, पातळ झालेलं ऑइल पंपातल्या पात्यांच्या बाजूने मागे सटकतं. उलट डिसेंबरात सकाळी जड आणि गाडी तापल्यावर मोकळी, तर रॅकच्या व्हॉल्व्हचे सील (ऑइल अडवणाऱ्या कड्या) आधी बघावेत. आयडलिंगवर जड आणि जरा रेस दिल्यावर हलकी, तर पट्टा किंवा पंप. फुल लॉकला किंचाळते, तर पट्टा.

(वॅगन आर, स्विफ्टवाल्यांनी यातलं काही लावून घेऊ नये. तिथे ऑइलच्या पंपाऐवजी इलेक्ट्रिक मोटर आहे. बॅटरी, अर्थिंग आणि फ्यूज आधी बघा.)

आता तुमच्या डाव्या बाजूकडे येतो. काका, हे ‘चालायचंच’ म्हणून सोडू नका. पंपाला डावं-उजवं कळत नाही. तो एकाच पाइपातून ऑइल पाठवतो, ते कुठल्या बाजूला जायचं हे रॅकवरचा व्हॉल्व्ह ठरवतो. तेव्हा एकाच बाजूला जड असेल तर दोष पंपाच्या पुढे आहे. आणखी एक नवा पंप टाकला तरी तो दोष जाणार नाही.

पुढच्या दोन्ही टायरमधली हवा सारखी आहे ना, ते आधी बघा. मग पुढची चाकं उचलून, खाली स्टँड लावून (नुसत्या जॅकवर भरवसा नको), इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हाताने दोन्हीकडे फिरवा. इंजिन बंद असताना दोन्हीकडे जरा जडच लागेल, पण सारखं जड लागायला हवं. डावीकडे अडकत असेल तर ते ऑइलचं दुखणं नाही. चाकाजवळचा बॉल जॉइंट, स्ट्रटच्या (पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) वरचं बेअरिंग किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावरचा क्रॉस (दांड्याचा वळणारा सांधा) तपासावा लागेल. क्रॉस धरला असेल तर एका फेरीत दोनदा अडकल्यासारखं जाणवतं. असं स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, आणि वर्धा रोडवर वेगात असताना हे फार धोक्याचं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत गाडी बाहेर काढू नका, ही माझी कळकळीची विनंती.

हाताने दोन्हीकडे सारखं लागलं आणि इंजिन चालू केल्यावर डावीकडे जड, तर रॅकचा व्हॉल्व्ह किंवा सील. तेव्हा रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट (घडीदार आवरणं) खालून दाबून बघा. आत ऑइल डचमळलं तर सील गेलंच. मात्र कुठल्या बुटात ऑइल आहे यावरून कुठल्या बाजूचं सील गेलं हे ठरवू नका. पुष्कळ रॅकमध्ये दोन्ही बूट एका बारीक नळीने जोडलेले असतात आणि ऑइल पलीकडे जाऊ शकतं.

तोवर कुणी गळती थांबवणारं औषध ओतायला सांगितलं तर नको म्हणा. ते रबर फुगवतं, थोडे दिवस बरं वाटतं, मग सील आणखी मऊ पडून जातं. ब्रेक ऑइल तर चुकूनही नको, या सिस्टिमचं रबर त्याने नासतं. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये जे ऑइल लिहिलं आहे तेच घाला.

डावं-उजवं हाताने फिरवून काय जाणवलं, आणि बुटात ऑइल आहे का, एवढं याच प्रतिक्रियेखाली लिहा. गाडी कुठली आणि पंप बदलल्यापासून ऑइल किती वेळा वाढवावं लागलं, तेही सांगा. मग रॅक पूर्ण बदलायचा की सील किटवर भागेल, ते ठरवता येईल.